मास्तरांचा उजवा पाय

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान मोटार चालवायला शिकवतात. एकतीस वर्षं शिकवत आहेत. अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलं आहे, त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मीही म्हणतो. बहीण एरवी "अहो" म्हणते, पण रागावली की तीही मास्तरच म्हणते.

मास्तरांचा धंदा ओळखायचा तर त्यांचे बूट पाहावेत. डावा बूट बऱ्यापैकी असतो. उजव्याचा तळ चवड्याखाली इतका झिजलेला असतो की मोज्याचा रंग दिसतो. चांभार त्यांना दर वेळी म्हणतो, "मास्तर, मी जोडी शिवतो, तुम्ही एकच झिजवता."

शिकाऊ गाडीत पेडलांचे दोन संच असतात. शिकणाऱ्यापुढे तीन पेडलं आणि शेजारच्या सीटवर शिकवणाऱ्यापुढे दोन, क्लच आणि ब्रेक. वेग वाढवायचं पेडल शिकवणाऱ्याकडे नसतंच. मास्तर पहिल्याच दिवशी प्रत्येकाला हे समजावून सांगतात. "पुढे जायचं काम तुझं. थांबवायचं काम माझं." मी बेचाळिसाव्या वर्षी त्यांच्याकडे शिकलो तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं, आणि नात्यातला म्हणून एक शब्दही कमी केला नव्हता.

एकतीस वर्षं थांबवण्याचं काम केल्यामुळे मास्तरांचा उजवा पाय आता मास्तरांना विचारत नाही. बसमध्ये बसले तरी तो दाबला जातो. घरी टीव्हीवर पाठलागाचा सिनेमा लागला की नायकाची गाडी वळणावर येते आणि इकडे मास्तरांचा पाय सोफ्यासमोरच्या फरशीवर आपटतो. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दोनदा वर आले. तेव्हापासून बहिणीने तिथे जाड पायपुसणं घातलं आहे.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी सिनेमा शिकायला गेली. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून तिला सगळे टिचकी म्हणतात. आता ती बापापेक्षा दोन बोटं उंच आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने दहा मिनिटांचा सिनेमा करायचा असतो. टिचकीच्या वाट्याला ॲक्शन थ्रिलर आला. अट अशी होती की त्या प्रकारचे सगळे ठरलेले नियम सिनेमात दिसले पाहिजेत, आणि त्यातला निदान एक तरी नियम उलटा करून दाखवला पाहिजे. टिचकीने पहिली संहिता दिली, ती शिकवणाऱ्या बाईंनी परत पाठवली. दुसरी संधी महिनाअखेरपर्यंत होती. तेवढ्यात सिनेमा मंजूर झाला नाही, तर वर्ष गेलं. तिसरी संधी नव्हती.

हे तिने जेवताना सांगितलं. मी त्या दिवशी तिथेच होतो.

"बाईंनी लिहिलंय तरी काय?" बहिणीने विचारलं.

"'फार सुरक्षित.' एवढंच."

"मग चांगलंच की," मास्तर म्हणाले.

"बाबा, सिनेमात ही शिवी असते."

मास्तरांचा घास हातातच राहिला. ज्या गुणासाठी त्यांना वाहतूक खात्याने दोनदा प्रशस्तिपत्र दिलं होतं, तो गुण मुलीच्या अंगात उतरला आणि मुलगी त्याच गुणापायी नापास होत होती. त्यांनी ताट संपवलं. हात धुतल्यावर म्हणाले, "गाडी लागेल ना तुला? माझी घे."

पाठलागाला गाडी हवीच होती, आणि दुसरी कुणाची मिळण्यासारखी नव्हती. टिचकीने बापाच्या गळ्यात हात टाकले. मास्तर म्हणाले, "मी बरोबर असेन." टिचकीने हात काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी तिने फ्रिजवर एक कागद चिकटवला. ॲक्शन थ्रिलरमध्ये काय काय लागतं, ते त्यावर लिहिलं होतं. नायक एकटा पळतो. सापडेल ती गाडी घेतो आणि ती पहिल्या फटक्यात सुरू होते. फळांची हातगाडी उलटते. घड्याळ टिकटिकत असतं. खलनायक गाडीत शिरतो. शेवटी गाडी सगळं फोडून आरपार जाते. संध्याकाळपर्यंत मास्तरांनी प्रत्येक ओळीपुढे लाल पेनाने शेरे मारले होते. गाडी घेतो, यापुढे "आरसे लावून घेतले का?" हातगाडी उलटते, यापुढे "त्या बिचाऱ्याने काय घोडं मारलंय?" आरपार जाते, यापुढे नुसतं "नापास".

मी एका कार्यालयात आवक-जावक विभाग सांभाळतो. सहा महिन्यांनी निवृत्त होईन. याद्या करणं मला जमतं, म्हणून टिचकीने मला व्यवस्थापक नेमलं. कोण किती वाजता येणार, कोणतं दृश्य कधी, कोणती वस्तू कुणाकडे, हे सगळं एका फाइलीत मी लिहीत होतो. चहाचा थर्मासही माझ्याकडेच होता.

पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही गोदामांच्या रस्त्यावर जमलो. रविवारी तिथे चिटपाखरू नसतं. टिचकी होती, तिची कॅमेरावाली मैत्रीण होती, खलनायक म्हणून वर्गातला एक दाढीवाला मुलगा स्वतःच्या वडिलांची काळी गाडी घेऊन आला होता, आणि नायक होता. नायकाने काळं जाकीट आणि काळा चष्मा घातला होता.

"चष्मा काढ," मास्तर त्याला म्हणाले. "अजून ऊन आलेलं नाही."

"काका, तो कॅरेक्टरचा आहे."

"कॅरेक्टरला समोरचं दिसायला नको? लायसन दाखव."

नायकाने पाकिटातून कागद काढला. मास्तरांनी तो उलगडला, दोन्ही बाजूंनी वाचला आणि टिचकीकडे दिला. ते शिकाऊ लायसन होतं, अकरा दिवसांपूर्वीचं.

"तू म्हणालास लायसन आहे," टिचकी म्हणाली.

"आहे की. हे काय."

"तुला गाडी येते का?"

"येते. म्हणजे गेममध्ये येते."

टिचकी फुटपाथच्या कडेवर बसली. मास्तरांनी मात्र शांतपणे डिकी उघडली, लाल 'L' लिहिलेली त्रिकोणी पाटी काढली आणि गाडीच्या टपावर बसवली. शिकाऊ माणूस रस्त्यावर गाडी चालवणार, तर पाटी हवी आणि शेजारी शिकवणारा हवा. हा कायदा आहे.

"बाबा, तो गुप्तहेर आहे. त्याच्यामागे मारेकरी लागलेत. टपावर एल लावून पळेल का?"

"शिकाऊ गुप्तहेर असेल."

"पाटी काढा ना. दोनच मिनिटं."

"पाटी उतरली तर मीही उतरलो. आणि मी उतरलो तर गाडी उतरली."

शेवटी तडजोड झाली. पाटी कॅमेऱ्यात येणार नाही अशा कोनातून चित्रण करायचं, आणि मास्तरांनी शेजारची सीट मागे सरकवून, खाली घसरून, अंगावर काळी चादर घ्यायची. बाहेरून पाहणाऱ्याला सीटवर सामान ठेवल्यासारखं दिसावं. मास्तरांनी चादर घेतली. आतून आवाज आला, "आधी बेल्ट."

पहिल्या दृश्यात गाडी भरधाव येऊन फळांच्या हातगाडीला घासून जाणार होती. हातगाडी भाड्याची नव्हती, खरी होती, आणि फळवालाही खरा होता. संत्री सांडायची त्याची तयारी होती. टिचकीने "ॲक्शन" म्हटलं, गाडी निघाली, आणि हातगाडीपासून हातभर अंतरावर अलगद थांबली. चादर हलली.

"बाबा."

"मी नाही. पाय गेला."

दुसऱ्यांदा गाडी दोन हात अलीकडे थांबली. तिसऱ्यांदा चार हात. माझ्या फाइलीत त्या सकाळच्या अकरा खेपांची नोंद आहे, आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द आहे, "थांबली". सातव्या खेपेला फळवाल्यालाच राहवलं नाही. गाडी थांबल्यावर त्याने आपल्या हाताने दोन संत्री रस्त्यावर टाकली. "ताई एवढी मेहनत घेतेय," तो मला म्हणाला, "बघवत नाही."

नवव्या खेपेनंतर मोटारसायकलवरून वाहतुकीचे हवालदार आले. ते गाडीजवळ थांबले आणि चादरीला सलाम करून म्हणाले, "मास्तर, आत तुम्ही आहात का?"

चादरीतून मास्तरांचं डोकं बाहेर आलं. "कसं ओळखलंस?"

"ब्रेक ओळखला. असं पाण्यासारखं आजकाल कोण थांबवतं?"

मास्तरांचा चेहरा फुलला. त्याच वेळी टिचकीचा उतरला. अकराव्या खेपेला गाडी हातगाडीच्या इतकी अलीकडे थांबली की फळवाला रुमालाने घाम पुसत खाली बसला. तेव्हा टिचकी गाडीच्या खिडकीशी गेली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, मला सायकल शिकवताना तुम्ही मागून धरून पळत होतात. मी सोडा म्हटलं तरी सोडली नाहीत. मी अजून एकदाही पडलेली नाही, माहितीये? गुडघ्यावर एक खूण नाही माझ्या. बाई बरोबरच म्हणतात. माझं सगळंच सुरक्षित आहे. हेही वर्ष आता सुरक्षितपणे जाईल."

मास्तर चादर घडी करत बाहेर आले. चादरीच्या चारी कडा नीट जुळवल्या, ती सीटवर ठेवली आणि गोदामाच्या पायरीवर जाऊन बसले. मी थर्मास घेऊन शेजारी बसलो. चहा हातात होता तरी त्यांचा पाय पायरीवर हळूहळू दाबला जातच होता.

"दादा, मी मुद्दाम दाबत नाही हो," ते म्हणाले. "धंद्याच्या पहिल्या वर्षी एकदा अर्धा सेकंद उशीर झाला होता. एका बाईंच्या पिशवीतली अंडी फुटली. बाई नाही, नुसती अंडी. पण तेव्हापासून हा पाय माझं ऐकत नाही."

"किती अंडी?" मी विचारलं. अशा वेळी काय बोलावं ते मला सुचत नाही.

"डझनभर. मी भरून दिली. पायाला सांगून उपयोग झाला नाही."

तेवढ्यात गाडीपाशी हसण्याचा आवाज आला. कॅमेरावाली सकाळचं चित्रण परत लावून पाहत होती आणि तिचे खांदे गदगदत होते. सहाव्या खेपेला मास्तरांच्या अंगावरची चादर घसरली होती, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. चित्र असं होतं, की काळ्या जाकिटातला नायक घामाघूम होऊन स्टिअरिंगला लोंबकळतो आहे, मागे काळी गाडी लागली आहे, आणि शेजारी बसलेला पन्नाशीचा माणूस शांतपणे सांगतो आहे, "आधी आरसा. मग इंडिकेटर. मग वळ. घाई कुणाला आहे?"

टिचकीने ते एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना तिने माझ्या हातातली फाइल ओढून घेतली आणि माझ्या सुवाच्य यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भराभर लिहायला लागली.

"थ्रिलरमध्ये नायक सापडेल ती गाडी घेतो, बरोबर?" ती लिहिता लिहिता म्हणाली. "आपला नायक पळत येतो आणि दार उघडं दिसतं त्या गाडीत शिरतो. ती निघते शिकाऊ गाडी. आत मास्तर बसलेत, सातच्या विद्यार्थ्याची वाट बघत. त्यांना वाटतं, हाच तो. संपला विषय. आता पाठलाग होणार, पण धडा घेत घेत."

"आणि मी काय करायचं?" मास्तरांनी पायरीवरूनच विचारलं.

"तुम्ही काही करायचं नाही बाबा. हा मुलगा नवीन आहे, त्याला गाडी येत नाही. शिकवा."

"पाय?"

"पाय ठेवा."

मास्तर उठले, पँट झटकली आणि चादर डिकीत टाकली. पाटी पुसून घेतली.

त्या रविवारी दुपारपर्यंत आणि मग रोज संध्याकाळी उजेड असेपर्यंत चित्रण चाललं. मास्तरांना एकही संवाद लिहून दिला नव्हता. नायक गाडीत उडी मारून "चला, चला, लवकर" म्हणाला, तर मास्तरांनी सांगितलं, "चला म्हणून गाडी चालत नाही. सीट पुढे घे. तुझे पाय पोचत नाहीत." मागे मारेकरी येतोय म्हणून नायकाने वळून पाहिलं, तर "आरसा कशाला दिलाय?" पाठलागाचा वेग ताशी वीसच्या वर गेला नाही. मागच्या काळ्या गाडीतला दाढीवाला दात-ओठ खात होता, पण अरुंद रस्त्यावर शिकाऊ गाडीच्या मागे अडकलेल्या कुणालाही दुसरं काही करता येत नाही. हातगाडीचं दृश्यही झालं. गाडी हातभर अंतरावर थांबली, फळवाल्याने ठरल्याप्रमाणे दोन संत्री टाकली, आणि मास्तरांनी नायकाला खाली उतरवून ती उचलायला लावली. त्या वेळात मारेकरी मागे हॉर्न वाजवत थांबला होता.

घड्याळाचा नियमही साधला. मास्तर गाडीत डॅशबोर्डवर एक गजराचं घड्याळ ठेवतात, कारण धडा चाळीस मिनिटांचा असतो आणि ते ना मिनिट कमी देतात, ना जास्त. सिनेमात ठरलं, की गजर होण्याआधी नायकाने गोदामाच्या आवारात पोचलं पाहिजे. गजर झाला की मास्तर त्याला असतील तिथे उतरवणार.

दाढीवाला खेळण्यातलं पिस्तूल घेऊन मागच्या सीटवर शिरला, ते दृश्य मला सगळ्यात आवडतं.

"हलू नका," तो म्हणाला.

मास्तरांनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "मागे बसणाऱ्यानेही बेल्ट लावायचा."

"माझ्या हातात पिस्तूल आहे."

"दोन्ही हात लागतात. ते बाजूला ठेव."

दाढीवाल्याने, काय करावं ते न सुचून, पिस्तूल खरोखरच सीटवर ठेवलं आणि पुढची दोन मिनिटं तो बेल्टचं कुलूप शोधत राहिला. हे लिहिलेलं नव्हतं. ते तसंच सिनेमात आहे.

बुधवारी टिचकीने झालेलं काम बाईंना दाखवलं. बाई हसल्या. मग म्हणाल्या, "मजा आहे. पण थ्रिलर कुठे आहे? नियम उलटा करायला आधी तो सुलटा दिसावा लागतो. एकदा तरी बघणाऱ्याचा जीव कंठाशी आला पाहिजे. तो येत नाही, तोवर हा नुसता विनोद." म्हणजे शेवटचं दृश्य हवं होतं, गाडी सगळं फोडून आरपार जाण्याचं. वेगात आणि न थांबता.

दुसऱ्या रविवारी आम्ही गोदामाच्या आवारात रिकाम्या खोक्यांची भिंत उभी केली. पुरुषभर उंच, साठ खोकी, मी मोजून लावली. गोदामवाल्याने बारापर्यंत मुभा दिली होती. एकदा फुटली की पुन्हा रचायला खोकी नव्हती, आणि शुक्रवारी सिनेमा द्यायचा होता.

टिचकी बापाजवळ गेली. "बाबा, या वेळी पाय नाही."

"नाही," मास्तर म्हणाले. ते फार गंभीर झाले होते.

नायक बसला, गाडी निघाली, वेग घेतला आणि खोक्यांच्या अलीकडे दहा हातांवर, आरसा बघून, अलगद थांबली.

"बाबा."

"मी नाही," मास्तर म्हणाले, आणि खरोखरच त्यांचा पाय वर होता. नायकाने मान खाली घातली.

"मला जमत नाहीये," तो म्हणाला. "समोर काही दिसलं की थांबायचं, असं शिकवलंय मास्तरांनी."

अकरा दिवसांचं शिकाऊ लायसन घेऊन आलेला मुलगा आठवडाभरात पक्का झाला होता. पुन्हा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तो उत्तम थांबला. मास्तरांना त्याचं कौतुक लपवता येईना. साडेअकरा वाजले.

"उतर," टिचकी त्याला म्हणाली. "जाकीट दे. बाहेरून काचेतून कोण बसलंय ते दिसणार नाही. मी चालवते."

"तुला कुठे गाडी येते?" मास्तर म्हणाले.

टिचकीने पाकिटातून लायसन काढलं आणि बापाच्या हातात दिलं. मास्तरांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं. तीन वर्षांपूर्वीचं होतं.

"कुठे शिकलीस?"

"चौकातल्या स्कूलमध्ये. तुमच्याकडे शिकले असते, तर चालवली तुम्हीच असती."

चौकातलं स्कूल म्हणजे मास्तरांचे एकमेव प्रतिस्पर्धी. मास्तरांनी लायसन तिला परत दिलं. "रिव्हर्स नीट शिकवत नाहीत तिथे," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "परीक्षेला कुणी नेलं होतं?"

मी फाइलीत एक नोंद पाहत होतो.

"दादा?"

"त्या दिवशी कार्यालयाला सुट्टी होती," मी म्हणालो.

मास्तर गाडीकडे गेले. शेजारच्या सीटवर बसले, बेल्ट लावला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वाकून उजवा बूट काढला आणि खिडकीतून माझ्या हातात दिला. मग डावाही दिला. दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले.

"ब्रेक तुझा," ते टिचकीला म्हणाले.

मी एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात बूट घेऊन उभा होतो. कॅमेरावालीने हात वर केला. गाडी आवाराच्या टोकापासून निघाली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. त्या गाडीचा तिसऱ्या गिअरमधला आवाज मी आयुष्यात प्रथमच ऐकला. मास्तरांचे डोळे उघडे होते. हात गुडघ्यांवर होते. खोकी जवळ आली, आणखी जवळ आली.

टायर करकचले. गाडीचं नाक खाली झुकलं, मागची बाजू उचलल्यासारखी झाली, आणि गाडी थांबली. बंपर आणि खोकी यांच्यात वीतभर जागा होती.

सगळे मास्तरांकडे पाहत होते. मास्तर मांडी घालून, दोन्ही हात वर करून बसले होते. "मी नाही," ते म्हणाले. "पाय बघा. इथे आहेत."

मग खालच्या रांगेतल्या डावीकडच्या एका खोक्याचं झाकण हललं आणि आतून एक तांबूस कुत्रा बाहेर आला. त्याने पुढचे पाय ताणले, मग मागचे ताणले, एक शिंक दिली आणि बंपरला हुंगून निघून गेला. सकाळी खोकी मीच मोजली होती. आत पाहिलं नव्हतं.

"झाकण हललेलं दिसलं मला," टिचकी म्हणाली. "एवढंसं."

मास्तर काचेतून त्या खोक्याकडे पाहत राहिले.

"मला नाही दिसलं," ते म्हणाले.

एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. आणि त्याच वेळी डॅशबोर्डवरच्या घड्याळाचा गजर झाला. चाळीस मिनिटं झाली होती. मास्तरांनी सवयीने हात पुढे करून गजर बंद केला आणि सवयीनेच म्हणाले, "आजचा धडा संपला. बरी चालवलीस."

बाराला दहा मिनिटं कमी होती. खोकी शाबूत होती. नायक म्हणाला, "आता कुत्रा गेलाय, परत घेऊ या." कॅमेरावालीने टिचकीकडे पाहिलं.

"नाही," टिचकी म्हणाली. "हेच ठेवू."

शुक्रवारी महाविद्यालयाच्या छोट्या सभागृहात सिनेमा दाखवला. पहिल्या रांगेत बाई आणि दोन परीक्षक होते. मागे आम्ही तिघं, म्हणजे मास्तर, बहीण आणि मी. टिचकी भिंतीला टेकून उभी होती. लोक हसत होते, बेल्टच्या दृश्याला तर एक परीक्षक चष्मा काढून डोळे पुसत होते, पण मास्तर पडद्याकडे पाहतच नव्हते. ते खुर्चीत वाकून खाली पाहत होते.

"अहो, काय शोधताय?" बहीण कुजबुजली.

मास्तरांनी तिला गप्प बसायची खूण केली. पडद्यावर गाडी खोक्यांवर चालून आली. सभागृह एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून, लाकडी फरशीवर, धप् असा आवाज आला.

मास्तर सरळ बसले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तिघांचेही पाय गेले. बाईंचा तर आधी गेला."

टिचकीची संहितेची फाइल संध्याकाळी परत मिळाली. बाईंनी नवा शेरा लिहिण्याचे कष्ट घेतले नव्हते. जुन्याच शेऱ्यातला "फार" खोडला होता आणि खाली "मंजूर" लिहिलं होतं.

परत निघालो तेव्हा मास्तरांनी किल्ली टिचकीच्या हातात दिली आणि मागचं दार उघडून बहिणीशेजारी जाऊन बसले. मागच्या सीटला पेडल नसतं. बेल्ट लावला, हात मांडीवर ठेवले आणि खिडकीतून बाहेर पाहू लागले. एकतीस वर्षांत त्या गाडीच्या मागच्या सीटवरून रस्ता कसा दिसतो ते त्यांनी पाहिलं नव्हतं. "बरं दिसतं की इथून," ते म्हणाले.

त्यामुळे शेजारच्या सीटवर मला बसावं लागलं. टिचकी छान चालवत होती. आरसा पाहत होती, इंडिकेटर देत होती. चौकातल्या त्या स्कूलसमोरचं वळण आलं, समोरून एक ट्रक आला, वाट पुरेशी होती, सगळं ठीक होतं, आणि गाडी गचका खाऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

मागून हॉर्न वाजले. टिचकीने आधी आरशातून बापाकडे पाहिलं. मास्तरांनी दोन्ही पाय वर उचलून दाखवले. मग तिने माझ्या पायांकडे पाहिलं.

"दादा," मास्तर मागून म्हणाले, "पाय वर घ्या."

मी बूट काढले आणि मांडी घातली.